डॉक्टर व्हायचंय? मग आधी ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर बसा

नीटच्या प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. तीन तास, ७२० गुण. हृदयाचं एक आवर्तन किती सेकंदांत पूर्ण होतं, हे त्यात विचारतील. पण रात्री तीन वाजता एखादा अनोळखी म्हातारा अंथरुणातच ओकला तर तुम्ही पुढे व्हाल की तोंड फिरवाल, हे कुणी विचारणार नाही. विचारून उपयोगही नाही, कारण ओएमआर शीटवरचे गोल काळे करून त्याचं उत्तर देता येत नाही. ही दुसरी परीक्षा ज्याची त्यानेच घ्यायची असते, आणि शक्यतो पहिलीच्या आधी.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की मुलाचं डॉक्टर होणं ठरून जातं. जूनमध्ये क्लासची फी भरली जाते, पुढची दोन-तीन वर्षं अख्खं घर नीटच्या एका रविवारभोवती फिरतं, आणि आजारी माणसाशी पहिली खरी गाठ पडते ती थेट कॉलेजच्या वॉर्डात. मी फिजिऑलॉजी शिकवते. दर बॅचमध्ये अशी चार-दोन मुलं भेटतात. हुशारीत कुठे कमी नसतात, पण राउंडच्या वेळी सगळ्यांच्या मागे उभी राहतात आणि घड्याळाकडे बघत असतात. त्यांना कुणी आधी विचारलेलंच नसतं. म्हणून अकरावीत पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

कारण तपासून घ्या

डॉक्टर का व्हायचं, असं नव्या मुलांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: समाजसेवा. जरा खोदलं की खरी कारणं बाहेर येतात. बाबांचा दवाखाना आहे, तो पुढे कुणीतरी चालवायला हवा. आमच्या भावकीत अजून कुणी डॉक्टर झालेलं नाही. गणित नको होतं. मैत्रिणीने बायो घेतलं म्हणून मीही घेतलं. मान मिळतो, पैसा मिळतो, मंदी आली तरी काम जात नाही. मला ही उत्तरं समाजसेवेपेक्षा बरी वाटतात, निदान ती खरी असतात. पैसा आणि मान हवासा वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त हे कारण किती वर्षं पुरेल, ते बघायला हवं.

हिशेब मांडू. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला असं धरा. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडलात तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. मग पीजीची प्रवेशपरीक्षा, त्यात एखादं वर्ष सहज जातं. एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. हृदयरोग, मेंदूविकार अशा उपशाखेत जायचं तर आणखी तीन. तुमच्याबरोबर बारावी झालेला इंजिनिअर मित्र बाविसाव्या वर्षी पगार घरी आणतो. तुम्ही सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी रेसिडेंट म्हणून सलग दुसऱ्या रात्री कॅज्युअल्टीत उभे असता, आणि पेशंटचा कुणी चुलतभाऊ तुमच्या अंगावर ओरडत असतो. ‘लोक मान देतात’ हे कारण त्या रात्री कामाला येत नाही.

टिकणारी कारणं बहुधा नेमकी असतात. आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, ही गरज त्यांना स्वतःच्या घरात कळलेली होती. १८८६ साली त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एमडी झाल्या, आणि प्रबंधासाठीही त्यांनी प्रसूतिशास्त्रच निवडलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांसमोर कोकणातला लाल विंचू होता. विंचू चावलेली धडधाकट माणसं डोळ्यांदेखत जात होती. ती नेमकी कशाने जातात, याचा पिच्छा त्यांनी पुरवला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपचार जगापुढे मांडला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. गावात डॉक्टर थांबत नाही, मग गावातच राहणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या बायकांपैकी कित्येकींना लिहितावाचताही येत नव्हतं.

ही नावं तुमच्यावर दडपण आणायला सांगितलेली नाहीत. तुमचं कारण एवढं मोठं असायची गरज नाही. ‘आजीला दम लागतो तेव्हा आत काय होतं हे मला कळून घ्यायचंय’ एवढंही पुष्कळ झालं. कुतूहल हे कारण आपल्याकडे कुणी मोठ्याने सांगत नाही, पण चौथ्या-पाचव्या वर्षी अभ्यासाला बसवतं तेच.

बाकड्यावरची परीक्षा

आता ही परीक्षा घ्यायची कशी? दहावीनंतर दीड-दोन महिने हातात असतात. त्यातले आठवड्यातून दोन दिवस काढा. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, शहरात असाल तर महापालिकेचा दवाखाना, नाहीतर घरचे फॅमिली डॉक्टर. ‘सर, मला मेडिकलला जायचंय, तुमच्या ओपीडीच्या वेळी बाहेर बसून बघितलं तर चालेल का?’ असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाही. एक पथ्य मात्र कडक पाळा. पेशंटने हो म्हटल्याशिवाय तपासणीच्या खोलीत जायचं नाही, फोन खिशातून काढायचा नाही, आणि तिथे ऐकलेलं कुणाचंही नाव किंवा दुखणं घरी येऊन सांगायचं नाही. वैद्यकाच्या अभ्यासातला हा पहिला धडा आहे, आणि तो पुस्तक न उघडता शिकता येतो.

बघायचं काय? यंत्रं आणि ऑपरेशनं नकोत. माणसं बघा. समजा, बाजाराचा दिवस आहे आणि केंद्रात गर्दी आहे. सत्तरीचे एक आजोबा शुगरच्या गोळ्या न्यायला आलेत. डॉक्टर विचारतात, गोळ्या घेता का? घेतो की. रोज? रोज. तरी तपासणीत साखर चढलेलीच. डॉक्टर जरा वैतागतात, कारण मागे चाळीस माणसं उभी आहेत. मग गोळ्या देणाऱ्या सिस्टर हळूच विचारतात, ‘बाबा, मागचं पाकीट कधी संपलं?’ तेव्हा कळतं की आजोबा एका गोळीचे दोन तुकडे करून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवतात. सोबत यायला मुलाला सुट्टी घ्यावी लागते, त्याचा रोज बुडतो, म्हणून महिन्याची खेप ते टाळतात.

आता स्वतःकडे बघा. आजोबांचा राग आला का? हसू आलं? की यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतील का, त्यांच्या पाड्यावर जाणाऱ्या आशाताईंकडे पाठवता येतील का, असं काही डोक्यात आलं? तिसरी गोष्ट आपोआप आली असेल तर तुमच्या आत या कामाचं काहीतरी आहे. राग आला तरी लगेच निराश होऊ नका, डॉक्टरांनाही येतो. पुन्हा जा. पाचव्या-सहाव्या खेपेलाही नुसता रागच येत असेल, समोरच्याचं बोलणं ऐकून घेणं नकोसं होत असेल, तर मात्र त्याकडे काणाडोळा करू नका.

रक्ताच्या भीतीबद्दल पालक फार विचारतात. ‘आमची मुलगी रक्त बघितलं की चक्कर येऊन पडते, तिला जमेल का?’ बहुधा जमतं. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, एखाददुसरा मुलगा पांढराफटक पडून स्टुलावर बसतो. महिन्याभराने तोच मुलगा हात धुऊन थेट कॅन्टीनला वडापाव खायला जातो. रक्त, वास, घाण यांची सवय होते. माणसांचा कंटाळा मात्र सवयीने जात नाही, उलट वाढतो. पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, रेडिओलॉजी अशा पेशंटशी कमी बोलावं लागणाऱ्या शाखा आहेत हे खरं, पण तिथे पोचायलाही आधी साडेपाच वर्षं वॉर्डातूनच जावं लागतं.

बाकड्यावर बसणं जमलं नाही तर घरातलं एक काम अंगावर घ्या. आजोबांच्या गोळ्या वेळेवर देणं, आईच्या बीपीची रोज नोंद ठेवणं, शेजारच्या काकूंना दर आठवड्याला ड्रेसिंगला नेऊन आणणं. महिनाभर, एकही दिवस न चुकवता. जमत असलं तरी तिन्ही करू नका, एकच करा आणि नीट करा. शिवाय तीन माणसांशी बोला: सध्या इंटर्नशिप करणारा मुलगा किंवा मुलगी, पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेल्या सिस्टर, आणि एखाद्या डॉक्टरची बायको किंवा नवरा. खुद्द डॉक्टर काय सांगतील ते तुम्हाला साधारण ठाऊक असतं. घरच्यांकडून वेगळंच ऐकायला मिळतं.

एवढं करून ‘हे आपलं काम नाही’ असं वाटलं तर छानच. जून उजाडायच्या आत कळलं. आईवडिलांनी त्या मुलाला भित्रा म्हणू नये. त्याने घरचे बरेच पैसे आणि स्वतःची काही वर्षं वाचवलीत.

अकरावी-बारावी

ज्यांचं उत्तर हो आलं, त्यांच्यासाठी आता परीक्षेचं.

क्लास कोणता लावायचा यावर घराघरांत जेवढी चर्चा होते, तेवढी अभ्यासक्रमावर होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा अधिकृत अभ्यासक्रम आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएची त्या वर्षीची माहितीपुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि स्वतः वाचा. धडे गाळले जातात, परीक्षेचा साचा बदलतो. कोविडच्या काळात २०० प्रश्नांतून १८० सोडवायची मुभा होती, २०२५ला ती गेली. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या मुलाला हे कुणी घरी येऊन सांगत नाही.

जीवशास्त्राचे गुण निम्मे, म्हणजे ७२० पैकी ३६०. इथे एनसीईआरटीच्या पुस्तकाला पर्याय नाही. राज्य मंडळाच्या मुलांनी बोर्डासाठी मंडळाचं आणि नीटसाठी एनसीईआरटीचं पुस्तक वापरावं. वाचायचं ते ओळ न् ओळ, आकृतीखालच्या बारीक अक्षरांसकट. पण पाठांतराच्या जोडीला एक गोष्ट करून बघा. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. हे वाक्य पाठ करण्याआधी घरातल्या कुणाची तरी नाडी मिनिटभर मोजा. मग त्यांना दोन मजले चढून यायला सांगा आणि पुन्हा मोजा. आकडा का वाढला, ५ लिटरचे किती झाले, असं वहीत लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर तो धडा विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही, आणि पुढे माझ्यासारखी बाई व्हायव्हाला हेच विचारते.

गुण घसरतात ते बहुतेकांचे भौतिकशास्त्रात. बायोची आवड असलेली मुलं फिजिक्स शेवटी ठेवतात, आणि ते कायमचं शेवटी राहतं. उपाय कंटाळवाणा आहे. रोज, अगदी सणासुदीलाही, दहा-पंधरा गणितं स्वतःच्या हाताने सोडवायची. उत्तर बघून ‘हां, हे मला येतं’ म्हणणं म्हणजे येणं नव्हे. रसायनशास्त्रात इनऑरगॅनिक पुस्तकातून येतं, फिजिकल सरावातून आणि ऑरगॅनिक दोन्हींतून. याहून जास्त त्यावर लिहीत नाही, क्लासवाले लिहितातच.

सराव परीक्षांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तिथे मुलं फार वेळ फुकट घालवतात. पेपर सोडवतात, गुण बघतात, रडतात किंवा पेढे वाटतात, आणि पुढचा पेपर सोडवतात. खरा अभ्यास पेपर संपल्यावर असतो. एक वही करा, तिला तीन रकाने आखा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आणि माहीत होतं तरी चुकलं. तिसऱ्या रकान्यात ‘खालीलपैकी चुकीचे विधान कोणते’ याऐवजी ‘बरोबर’ वाचलं, एकक बदलायचं राहिलं, ११२व्या प्रश्नाचा गोल ११३समोर काळा केला, असल्या गोष्टी भरतात. बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकलं तर १ जातो, म्हणजे येत असलेला एक प्रश्न घाईत घालवला की ५ गुणांचा फरक पडतो. असे दहा प्रश्न म्हणजे ५० गुण. सरकारी कॉलेज मिळणार की खासगी, हे त्याहून कितीतरी कमी फरकावर ठरतं. पहिल्या रकान्यासाठी वाचायला हवं, दुसऱ्यासाठी उजळणी. तिसऱ्यावर उपाय सावकाश वाचण्याचा आणि पुरेशा झोपेचा आहे. क्लास बदलून तो रकाना रिकामा होत नाही.

उणे गुणांची भीतीही आकड्यांत मांडून बघावी. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना ठोकून दिलं तर सरासरीने हाती जवळजवळ काही लागत नाही. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचं असतं. सवय सराव परीक्षांतच करायची. परीक्षा दुपारी दोन ते पाच असते, तेव्हा शेवटचे दोन महिने त्याच वेळेला पेपर सोडवा. रात्री दोनपर्यंत जागून दुपारी झोपणाऱ्या मुलाचा मेंदू नेमका पेपरच्या वेळी पेंगतो.

मराठी माध्यमाच्या मुलांना वेगळं सांगते. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो. मराठी निवडलं की प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापून येतात, शंका आलीच तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. एमबीबीएसचं पहिलं वर्ष मात्र इंग्रजीतून शिकवलं जातं. तेव्हा अकरावीपासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहायची सवय लावा. मूत्रपिंड म्हणजे किडनी हे सगळ्यांना माहीत असतं, पण वृक्काणू म्हणजे नेफ्रॉन हे जोडून ठेवावं लागतं. खेड्यातून मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिले चार-सहा महिने वर्गात गप्प असतात, आणि दुसऱ्या वर्षी वॉर्डात पेशंटशी बोलायची वेळ आली की शहरातली मुलं त्यांच्याच मागे उभी राहतात.

पुन्हा एक वर्ष?

देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर आहेत आणि परीक्षेला बसणारे वीस लाखांच्या वर. जागांपैकी साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे चांगल्या मुलांनाही पहिल्या खेपेला जागा न मिळणं यात नवल काही नाही. नीट किती वेळा द्यावी यावर सध्या बंधन नाही, वरची वयोमर्यादाही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण असली की झालं. म्हणून ड्रॉप घेणारे पुष्कळ असतात. घ्यावा का? तीच तीन रकान्यांची वही उघडा. गुण दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात गेले असतील तर एक वर्ष घेण्यात अर्थ आहे. सगळ्या विषयांत पहिला रकाना भरलेला असेल, तर आधी दोन वर्षं नेमकं काय केलं याचं खरं उत्तर घरात बसून शोधा. तिसऱ्या ड्रॉपबद्दल विचारायला पालक येतात तेव्हा मी मुलाला बाहेर नेऊन एकट्याला विचारते: तुला हवंय की यांना? त्याचा चेहरा बघितला की उत्तराची गरज राहत नाही.

घरापासून दूर लातूरला, नांदेडला, कोट्याला एका खोलीत राहणाऱ्या मुलांशी रोज फोनवर बोलता ना? त्यात मार्कांशिवायचं एक तरी वाक्य असू द्या. जेवण टाळणं, झोप उडणं, ‘मी नसलो तरी काय बिघडेल’ असलं बोलणं हे अभ्यासाचं टेन्शन म्हणून उडवून लावू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. खोलीच्या दारामागे तो लिहून ठेवा.

कागद आणि पैसे

गुण मिळूनही प्रवेश हुकलेली मुलं बघितली आहेत, आणि कारण बहुधा कागद असतं. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षाकडून भरल्या जातात. राज्याच्या कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. कोट्याला जाऊन तिथल्याच शाळेत बारावीचं नाव घालणाऱ्यांनी हे आधी वाचावं. नाहीतर सगळी धडपड करून मूल राज्याच्या कोट्याबाहेर पडतं. जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र हवं. त्यासाठी पडताळणी समितीकडे अर्ज अकरावीतच करा. निकालानंतर करू म्हटलं की सगळ्या राउंड निघून जातात. नॉन-क्रीमी लेअरची मुदतही तपासा. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा राखीव असतात, बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी ती चौकशी जरूर करावी. गोव्यातल्या मुलांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसाठी तिथल्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो.

फीचा हिशेब वर्षाचा करू नका, पूर्ण अभ्यासक्रमाचा करा. सरकारी कॉलेजात वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात भागतं. खासगी कॉलेजची फी त्याच्या अनेक पटींनी, आणि बऱ्याच अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांच्या पुढे. वर हॉस्टेल, मेस, पुस्तकं. ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाली तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. ‘सीट मॅनेज करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाशी चहासुद्धा पिऊ नका.

परदेशात जाऊन शिकायचं असेल तरी नीट पात्र व्हावं लागतं. २०२१च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. परत आल्यावर एफएमजीई या चाळणी परीक्षेत ३०० पैकी १५० मिळवावे लागतात, आणि तिथे अडकणारेच जास्त. एजंटाच्या रंगीत पत्रकात हे अगदी बारीक टाइपात असतं, किंवा नसतंच.

एमबीबीएस हुकलं तरी बाकड्यावरच्या परीक्षेत पास झालेल्या मुलाने वैद्यक सोडायचं कारण नाही. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएसचे प्रवेश नीटवरच होतात, महाराष्ट्रात फिजिओथेरपीचेही. बीएस्सी नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे. पक्षाघातानंतर माणसाला पुन्हा चमच्याने जेवायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट पेशंटजवळ डॉक्टरपेक्षा जास्त वेळ असते. ‘एमबीबीएस नाही तर काहीच नाही’ हा हट्ट बहुतेक वेळा नातेवाइकांचा असतो. बीएएमएसला जायचं तर आयुर्वेद शिकायची तयारी ठेवून जा. मागच्या दाराने ॲलोपॅथी करू या हिशेबाने गेलेली मुलं दोन्हीकडे अर्धवट राहतात.

आणि प्रवेश मिळाला तर

पहिल्या वर्षी ॲनॉटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. नीटमध्ये चार पर्यायांतून एक ओळखायचं असतं; इथे कोरा कागद आणि समोर बसलेला परीक्षक. वर्गात पहिली आलेली मुलं नोव्हेंबर-डिसेंबरात पहिल्या अंतर्गत चाचणीत नापास होतात आणि हादरतात. हे बहुतेकांचं होतं. फक्त लिहून आणि मोठ्याने बोलून अभ्यास करायची सवय लवकर लावा. पार्टनरला स्नायूचं काम समजावून सांगा, तो कंटाळला तर आरशाला सांगा. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. पहिलं वर्ष पास व्हायला चार संधी आहेत आणि पूर्ण अभ्यासक्रमाला नऊ वर्षं, म्हणून वर्षभर निवांत राहून चालेल असा अर्थ काढू नका.

वॉर्डातल्या मामांना, मावशींना, सिस्टरना पहिल्या दिवसापासून नाव विचारून नमस्कार करा. कुठल्या खाटेवरचा पेशंट रात्रभर झोपला नाही, हे त्यांना केसपेपरच्या आधी माहीत असतं. पुस्तकं सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळतात, आधी ती बघा. आणि प्रवेशाच्या आनंदात काकांनी दहा हजारांचा स्टेथोस्कोप भेट द्यायचं काढलं, तर त्यांना प्रेमाने थांबवा. पहिल्या वर्षीच्या बीपीच्या प्रॅक्टिकलला साधा पुरतो, आणि महागडा हॉस्टेलमधून पहिल्याच सत्रात जातो.